युगांडात पाण्याचा प्रकल्प असलेल्या गावी चाललेय, गटाने ११ हजार जमवून दिलेत. काय न्यावं?

सुनंदा_वाळवा

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, वय ५६. पंधरा वर्षं बचत गटाचं काम करते. मुलगा युगांडात जिंजाजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडची बरीच पोरं तिकडच्या कारखान्यांत आहेत म्हणे, गुढीपाडव्याला पंचवीस जणांचं श्रीखंड झालं होतं. डिसेंबरात मी पहिल्यांदाच जातेय.

त्याच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याचं गाव उत्तरेला, गुलू शहराच्याही पुढं आहे. तिथं परदेशी संस्थेनं बोअर मारून हातपंप बसवलाय, बायकांचे गट केलेत, तिळाचं तेल काढायचं काहीतरी चाललंय. तो म्हणाला, आईंना आमचं गाव दाखवू, दोन रात्री राहू. मी हो म्हणून बसले.

आता पंचाईत अशी की हे मी गटाच्या बैठकीत बोलले. बायांनी तिथल्या तिथं वर्गणी काढली, ११ हजार रुपये झाले. शिवाय एकीनं नातवंडांचे जुने स्वेटर आणून दिले, एकीनं शंभर वह्या, एकीनं पाच किलो चिक्की. माझं घर म्हणजे पूरग्रस्तांचं मदत केंद्र झालंय. (२०१९ च्या पुरात खरंच होतं, तेव्हाही असेच स्वेटर आले होते, ऑगस्टात.) विमानात ४६ किलो चालतात. मुलगा म्हणतो, आई काही आणू नको. पण रिकाम्या हातानं कुणाच्या गावी जायचं कसं? पैसे कुणाच्या हातात द्यायचे, सरपंचासारखं कुणी असतं का? आणि तब्येतीचं काय बघायचं? कुणी जाऊन आलं असेल तर लिहा.

मिरजेची_सिस्टर

तब्येतीचं मी सांगते. पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे, त्याशिवाय युगांडात घेत नाहीत. आणि परत येताना कार्ड नसेल तर आपल्याकडंही सहा दिवस वेगळं ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, म्हणजे पुणे-मुंबई धरा आणि आधी नंबर लावा. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथं आधी सांगा. साठीच्या पुढं ही लस जपून देतात, तुम्ही ५६ च्या आहात, त्यामुळं यंदाच उरकून टाका. कार्ड जन्मभर चालतं.

दुसरं मलेरिया. उत्तर युगांडात तो बारमाही आहे. गोळ्या जायच्या आधीपासून परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात, कुठल्या ते तुमच्या डॉक्टरांना बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवून ठरवा. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर पहिलं वाक्य "मी आफ्रिकेत जाऊन आलेय" हेच. आमच्याकडं पेशंट हे चौथ्या दिवशी सांगतात.

खरं_बोलतो_आटपाडी

आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या मागं कळशा घेऊन पळायचं आणि ११ हजार युगांडाला? आधी घरचं बघा की.

हापसेवाला_जत

सुनंदाताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी झेडपीच्या हातपंप दुरुस्ती पथकात ३१ वर्षं होतो, सगळी नोकरी जत तालुक्यात. २०१८ ला निवृत्त झालो. माझा भाचा बोअरच्या गाडीवर ड्रिलर आहे. गाडी तमिळनाडूतली, तिरुचेंगोडची. ती जहाजानं केनियातल्या मोंबासा बंदराला गेली, तिथून रस्त्यानं युगांडात, अन् तिच्यामागं हा. त्यानं बोलावलं म्हणून २०१८ च्या डिसेंबरात गेलो. तुम्ही म्हणताय तोच भाग. कंपालापासून गुलू सव्वातीनशे किलोमीटर, वाटेत करुमाला नाईल नदी ओलांडायची, तिथं माकडं गाडीत हात घालतात, काचा वर ठेवा. गुलूच्या पुढं कितगुमच्या रस्त्याला लागलं की तांबडी माती अन् उंच गवत. डिसेंबरात ते गवत पेटवतात, त्यामुळं सगळा मुलूख काळा-तांबडा दिसतो.

त्या भागात वीस वर्षं बंडखोरांची लढाई चालली होती. सरकारनं माणसं गावं सोडून छावण्यांत कोंबली होती. २००६ नंतर ती हळूहळू आपापल्या जागी परतली. म्हणजे तिथली चाळिशीची बाई छावणीत वाढलेली असते. तिला रांगेत उभं करून काही वाटप केलं तर ती मुकाट्यानं उभी राहते, सवय आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर त्या गावात गेलो, अन् पहिलं काय दिसलं असेल? आपला हापसा. इंडिया मार्क टू. तिथं त्याला यू-टू म्हणतात, थोडा फरक केलाय, पण डोकं तेच, साखळी तीच, ६३.५ मिलिमीटरचा सिलिंडर तोच. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, ह्या पंपाचं मूळ आपल्याच मुलखातलं. जालना अन् सोलापूरला मिशनच्या लोकांनी विहिरी-बोअरांसाठी लोखंडी पंप बनवले होते. गावोगावी ओतीव बिडाचे पंप महिन्यात मोडायचे, हे टिकायचे. १९७० च्या दशकात युनिसेफनं सोलापूरचा पंप पुढं धरून त्यावरून मार्क टू तयार करून घेतला, अन् तो जगभर गेला. मी आयुष्यभर जी वस्तू उघडली ती माझ्या आधी तिथं पोचलेली. मला तर सासुरवाडीला माहेरचा माणूस भेटावा तसं झालं.

मी दांडा हातात घेतला. पाणी यायला वीस-बावीस हापसे लागत होते. म्हणजे पाइपातलं पाणी थांबत नाही, खालचा व्हॉल्व्ह गळतोय. एवढं तर मला झोपेत कळतं. मी भाच्याला म्हणालो, पुढच्या वेळची वाट कशाला, मी आणलंय की! कारण मी सांगलीतनं एक पिशवी भरून नेली होती. ४० वायसर (वॉशर), दोन साखळ्या, चार बेअरिंगा. सगळ्या मिळून पाच-सहा हजारांचा माल, माझ्या खिशातला. आंब्याखाली सभा भरली, मी पिशवी पंपाच्या कमिटीच्या हातात दिली. बायांनी जिभेनं तो लुलुलु आवाज काढला, टाळ्या, फोटो. मला मानाची जिवंत कोंबडी दिली. मी माळकरी! नको म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून काखेत कोंबडी धरून फोटोला उभा राहिलो. तो फोटो बायकोनं अजून कुणाला दाखवू दिलेला नाही. कोंबडी ड्रायव्हरकडं गेली.

मग मध्ये कोविड अन् घरची आजारपणं. पाच वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, परत गेलो. म्हटलं आपला पंप बघू.

पंपाचा दांडा सुतळीनं बांधलेला. जनावरं येऊ नयेत म्हणून भोवती काठ्यांचं कुंपण असायचं, ते पडलेलं, ओट्यावर शेळ्या बसलेल्या. तीन महिने बंद. बाया पिवळे वीस लिटरचे कॅन डोक्यावर घेऊन ओढ्यातल्या झऱ्यावर जात होत्या.

कमिटीची खजिनदार एक बाई आहे. ती भांडली नाही, रागावली नाही. घरातनं वही आणली अन् माझ्यासमोर उघडली. शंभर पानी वही, आपल्या पोरांच्या असते तसली. दर घरामागं महिन्याला एक हजार शिलिंग, म्हणजे आपले वीसेक रुपये, अशी पंपाची पट्टी होती. डाव्या बाजूला नावं, पुढं महिन्याचे रकाने, पैसे दिले की फुली. २०१८ ची पानं फुल्यांनी भरलेली. २०१९ च्या फेब्रुवारीत निम्म्या. एप्रिलात सहा. त्याच्यापुढं रकाने पट्टीनं आखलेले होते, दर महिन्याला आखले होते, पण कोरे.

भाच्यानं विचारलं, असं का? तर म्हणाली, लोक म्हणाले, इंडियाच्या माणसानं पिशवी दिलीय, आता पैसे कशाला?

अजून ऐका. त्या टापूत सायकलवरून फिरणारा एक पंप दुरुस्त करणारा पोरगा होता. वायसर विकायचा, बसवायचा, त्यावर त्याचं पोट. माझ्या पिशवीनंतर त्याला कुणी बोलावेना. तो गुलूला जाऊन बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवायला लागला. अन् पंपाला शेवटी काय झालं होतं? वायसर नव्हेच. पाइप सडले होते.

मी पेरूचं पान मागितलं, तिथं पेरू भरपूर. झऱ्याचं नको, शेजारच्या गावच्या बोअरचं पाणी आणा म्हटलं. एका झाकणात ते घेऊन त्यात पान चुरगळलं. बघता बघता पाणी जांभळं-काळं पडलं. लोखंड. आपल्याकडं जतला पाणी खारट, तिथलं पाणी पाइप खाणारं. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप अशा पाण्यात चार-सहा वर्षांत जातो. खजिनदार म्हणाली, बंद पडायच्या आधी वर्षभर सकाळचे पहिले दोन कॅन तांबडे यायचे, त्यात घेवडा शिजवला की काळा पडायचा, पोरांचे शाळेचे सदरे पिवळे. तेव्हा कुणी सायकलवाला फिरत असता तर त्यानं एका नजरेत ओळखलं असतं.

मी खिशात हात घातला होता, खोटं नाही सांगत. चार पाइपांचे पैसे माझ्याकडं होते. भाच्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मग तीन तास सभा झाली अन् मी गप्प बसून होतो. भांडणं कशावर? ज्यांनी २०१९ मध्ये शेवटपर्यंत पैसे भरले त्या सहा घरांचं म्हणणं, आम्ही बाकीच्यांएवढे का भरायचे? एक म्हातारा उठून गेला. ते ऐकताना मला आमच्या गावची पाणीपट्टीची ग्रामसभा आठवली, फक्त माईक नव्हता. शेवटी त्या सहा घरांना निम्मी पट्टी लागली. तिळाची काढणी झालेली होती, त्यामुळं लोकांच्या हातात पैसा होता. नऊ दिवसांत जमले. गुलूहून सायकलवाल्याला बोलावलं, अन् मी त्याचा बिगारी झालो. तीन-तीन मीटरचे अकरा पाइप उपसले. खालच्या चारांना ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, आटे हातानं चुरत होते. नवे घातले तेही जीआयचेच, कारण स्टेनलेसची किंमत कैकपट. तेही सडणार, सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेनलेससाठी वेगळा डबा चालू केलाय.

आता तुमचे ११ हजार. मी असतो तर नेलेच नसते. गटाच्या खात्यात परत टाका अन् बायांना हे सगळं वाचून दाखवा. ज्या गोष्टीसाठी ती माणसं स्वतः पैसे काढतात ती गोष्ट आपण फुकट द्यायची नाही, मग वायसर असो की वही. स्वेटर तर अजिबात नको. कंपालाच्या ओविनो बाजारात युरोप-अमेरिकेचे जुने कपडे ढिगानं येतात, तिथल्या शिंप्याला त्यांनीच संपवलं. आणि डिसेंबरात उत्तरेत ऊन आपल्या जतसारखं! चिक्की तुमच्या मुलाच्या मित्रांना द्या, गावात पिशवीतनं वाटायला लागलात तर पोरांची चेंगराचेंगरी होते.

आटपाडीच्या भावा, तुमचं खरं आहे. पण ७२ ला मी बारा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची अन् घरात अमेरिकेच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी व्हायची. चव नव्हती, पण जगलो. त्या रांगेत आईबरोबर मी उभा राहिलोय, म्हणून सुनंदाताईंना रांगेचं एवढं सांगितलं.

सुनंदा_वाळवा

आण्णा, काल बैठकीत मोबाईलवरून सगळं वाचून दाखवलं. कोंबडीला सगळ्या हसल्या. वहीला कुणी हसलं नाही, कारण आमच्याकडंही अशी पानं आहेत. एका योजनेत मोफत शिलाई मशिनी आल्या त्या वर्षी आमची मासिक बचत अशीच बसली होती.

पैसे परत खात्यात टाकले. वह्या इथल्याच शाळेला दिल्या. पण आण्णा, रिकाम्या हातानं जायचं मला अजून पटत नाही. आणि तिथं बायांच्या गटात बसायचं तर मी बोलू काय?

माणदेशी_वैशाली

ताई, मी म्हसवडची. आमच्याकडं १९९७ साली बायकांची बँक निघाली त्यात माझी सासू पहिल्या सभासदांतली, त्यामुळं गट हा आमच्या घरचाच विषय. तिथल्या गटांची पद्धत बघाच, मजा वाटेल. ती आफ्रिकेतच जन्मली, १९९१ ला नायजर देशात केअर संस्थेनं सुरू केली. एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडं, आणि पेटी चौथीच्या घरी. चौघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. बचत पासबुकात आकड्यानं लिहायच्या ऐवजी शिक्का मारतात, म्हणजे अक्षर न येणारीलाही आपले शिक्के मोजता येतात. आणि वर्षाच्या शेवटी सगळं वाटून पेटी रिकामी करतात, मग नव्यानं सुरुवात. आपल्यासारखं वर्षानुवर्षं साचवत नाहीत. हे वाटप बऱ्याच ठिकाणी डिसेंबरातच असतं, तुमचा योग आहे.

बोलायचं काय विचारताय? तुमच्या गटाचं जुनं रजिस्टर न्या. दंड कुणाला केला, लग्नाला कर्ज दिलं ते फिटलं का, हे त्या विचारतीलच. मला तर वाटतं पहिला प्रश्न असेल, नवरा मागतो तेव्हा काय करता.

हापसेवाला_जत

वैशालीताईंनी रजिस्टरचं बरोबर सांगितलं, मला सुचलं नव्हतं.

रिकाम्या हातानं जा म्हणालोच नाही. मदत वेगळी अन् पाहुणी वेगळी. तिकडं खेड्यात पाहुणा येताना घरासाठी साखर, साबण, चहा, मीठ आणतो. मुलगा साखर कारखान्यात असताना तुम्ही मला काय न्यायचं विचारताय होय! ज्या घरी उतरणार त्या घरी पाच किलो साखर अन् साबणाच्या वड्या, तिथल्याच दुकानातल्या. संपलं.

अन् तिथं तुमच्यापुढं बाया गुडघे टेकून नमस्कार करतील, तुम्ही वयानं मोठ्या म्हणून. घाबरून त्यांना उठवायला जाऊ नका, आपल्याकडं सुना वाकतात तसंच आहे. मी पहिल्यांदा दोघींना उठवायला गेलो अन् त्यांना वाटलं मला पाठीचं दुखणं आहे. जेवायच्या आधी एखादी पोरगी तांब्या घेऊन हातावर पाणी घालेल. जेवणात मक्याचा घट्ट गोळा, घेवडा, अन् मलाक्वांग नावाची आंबट पालेभाजी. ती खाल्ली अन् मी उडालोच, ती आपली अंबाडी हो! त्यात तिळाचं नाहीतर शेंगदाण्याचं वाटण. फक्त तिखट नाही. थोडी चटणी स्वतःपुरती ठेवा.

सुनंदा_वाळवा

अंबाडी? मग तर झालंच. आण्णा, आपली सांगलीची हळद नेऊ का एक किलो? घरच्या शेतातली, मिरजेतनं दळून आणलेली. घरातल्या बाईला द्यायला.

हापसेवाला_जत

न्या. पण कशात घालायची ते तिच्या चुलीपुढं बसून दाखवा, नाहीतर ती आपल्याकडच्या घरात आलेल्या ऑलिव्ह तेलासारखी फळीवर राहील.

अन् माझं एक काम करा. गावच्या पंपावर सकाळी सगळ्यांच्या आधी जा. रात्रभर थांबलेल्या पंपाला पहिलं पाणी किती हापशांत येतं ते मोजा, पहिल्या कॅनचा रंग बघा, अन् आकडा इथं लिहा. पंपाचा फोटो नको, पंप मला पाठ आहे. खजिनदार बाईनं परवानगी दिली तर वहीच्या शेवटच्या पानाचा पाठवा.